अर्धा नमुना

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही. रडू नंतर आलं... आता विचारणारं कुणी उरलं नाही, हे आधी मनात आलं.

बेंबळीच्या आमच्या विणकर सोसायटीत आबा सगळ्यांत जुने विणकर आणि मी चिटणीस, मला सगळे मास्तर म्हणत. त्या दुष्काळात निम्मे हातमाग बंद पडले होते, विणकर खडी फोडायला जात होते. अशात मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. परदेशात टेबलावर अंथरायचं कापड हवंय, नमुना पाठवा. "टेबलाला कशापाय धोतर?" आबा म्हणाले आणि सगळी शेड हसली. पण विणलं त्यांनीच, चार दिवस खपून.

तो नमुना हातात घेतला आणि मी घाबरलो. काठ जरासा वाकडा वाटला. हा नापास झाला तर सगळीच माणसं खडीवर... सूत आणायला सोलापूरला गेलो तेव्हा एका यंत्रमागावर तसंच कापड काढून घेतलं आणि तेच पाठवलं. रीत अशी, की नमुना मधोमध कापायचा. अर्धा तिकडं जायचा, अर्धा माल ताडून बघायला आपल्याकडं राहायचा.

ऑर्डर आली. बंद माग उघडले, प्रत्येक मागाची वीण आबांनीच लावून दिली, खडीवरच्या बायका सुताच्या कांड्या भरायला आल्या. मी मात्र टपालवाला दिसला की आधी पुढं होऊन पत्र घ्यायचो. एकदा आबांनी तो अर्धा तुकडा बोटांत धरला.

"मास्तर, ह्यो माझा हात न्हाय."

"तुमचाच आहे, आबा. धुऊन इस्त्री केली की असा दिसतो."

त्यांनी पुन्हा चाचपून पाहिला. "तुमी म्हणताय तर आसंल."

माल गेला आणि परत आला. नमुन्यासारखा नाही, म्हणे. व्यापाऱ्यानं पुढचं सगळं काम यंत्रमागांना दिलं. कुठल्या देशातल्या कुणी नको म्हटलं, कळलं नाही, पण आमची शेड महिन्याभरात गप्प झाली. बायका पुन्हा पाट्या घेऊन खडीवर गेल्या. "आबा, म्हातारपण घरी ठिवून यायचं व्हतं," एकजण बोललाच. आबा खाली बघत म्हणाले, "माझाच हात गेला." मी तिथंच उभा होतो.

ते पुन्हा मागावर बसले नाहीत. अर्धा तुकडा तेवढा मागून घरी नेला. भेटले की विचारायचे, "मास्तर, खरं सांगा, कुठं चुकलं?" मी दुसऱ्या गल्लीनं जायला लागलो.

तेराव्याला गेलो तर तो तुकडा दाराजवळ खिळ्याला, बोटं फिरून फिरून काळा पडलेला. आबांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "रोज काडून बघायचे. चूक काय घावली न्हाय त्यांला." मी चहा पिऊन उठलो.

घरी येऊन ट्रंक उघडली. आबांनी विणलेला नमुना तिच्या तळाशी होता, न कापलेला. उजेडात धरला... काठ सरळ होता.

तो मला काकूंच्या हातात द्यायचा आहे आणि तो कुणी विणला, कुणी लपवला, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. अजून दिलेला नाही.