कागदावर नसलेलं दार

जानकी गावस मांसाच्या कारखान्यात पहिल्यांदा शिरली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. सावंतवाडीकडून लग्न होऊन डिचोलीला आलेली. नवऱ्याचं खाणीवरचं काम सुटलं, तशी ती नदीकाठच्या त्या पोर्तुगीजांच्या वेळच्या कारखान्यात डबे भरायला जाऊ लागली. परतल्यावर सासू आधी विहिरीवर अंघोळ करायला लावी, मगच उंबरा ओलांडू देई. एकोणीस वर्षं अशीच गेली. मग कारखाना बंद पडला.

कित्येक वर्षांनी, यंदा, प्रिया नावाची एक आर्किटेक्ट पणजीहून तिच्या ओसरीवर आली. पडक्या कारखान्याची डागडुजी व्हायची होती. जुने नकाशे सापडले होते. पण कुठल्या खोलीत काय चाले, हे सांगणारं जानकीशिवाय कोणी उरलं नव्हतं. तिने जीर्ण, निळसर कागद चटईवर पसरला.

"आजी, छप्पर उचलून वरून आत डोकावावं ना, तसं आहे हे."

जानकीला वाचता येत नव्हतं. तिने नुसतं बोट टेकवलं आणि बोट चालू लागलं. फाटक, पाण्याची टाकी, बर्फाची खोली. हळूहळू ओसरी विरत गेली. पायांना ओली फरशी लागली. मिठाचा, व्हिनेगरचा वास आला. लांब टेबलाशी कुणीतरी फुगडीचं गाणं गुणगुणत होतं, आणि सोबत डबे भरणारी सुमंगला, तरुणच अजून, सरकून तिला जागा करून देत होती.

बोट अडलं.

"हंयसर दार होता गो, बाये."

"इथे तर भिंत आहे, आजी."

"भिंतच होती. मागसून फोडली."

जनावरं कापायच्या दालनातूनच बायकांना ये-जा करावी लागे. पोटुशी जानकी तिथे लागोपाठ दोन दिवस भोवळ येऊन पडली. तिसऱ्या दिवशी ती आत गेलीच नाही, फाटकाबाहेर बसून राहिली. सुमंगला येऊन शेजारी टेकली. मग एकेक करत साऱ्याच बसल्या, दुसरीकडून दार द्या म्हणाल्या. साहेबाने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि गवंड्याला बोलावणं धाडलं.

प्रियाने लाल पेन्सिल काढली. "केवढं होतं?"

"दोगी बायलो बालदी घेवन एकदम जाईत, इतक्या."

प्रियाने भिंतीत दार काढलं, खाली दोन शब्द लिहिले आणि वाचून दाखवले, 'बायकांच्या मागणीवरून.'

"अठरा जणी होतंव आमी," जानकी म्हणाली. "आकडो घाल."

प्रियाने आकडा घातला.

ती गेल्यावर जानकी चटईवरच आडवी झाली. झोप लागली की नाही, कोण जाणे; नदीवरून वारा येत होता आणि ती कामावर निघाली होती.