लाकडी पिंपातलं लोणी

आई परदेशी माझ्याकडे आल्यापासून गप्पगप्पच होती. तिचं मन रमावं म्हणून आम्ही तळ्याकाठचा किल्ला बघायला गेलो. गोऱ्यांच्या पहिल्या वसाहतीचं गाव तिथे जुन्यासारखं पुन्हा उभारलं आहे.

एका घरात जुन्या पद्धतीचा झगा घातलेली बाई लाकडी पिंपात दांडा वरखाली करत लोणी काढत होती. आई बघत राहिली, तेव्हा तिने हसून दांडा आईच्या हाती दिला.

"रवीपेक्षा सोपं आहे गं," आई मला म्हणाली.

लोण्याचा गोळा वर आला, तशा दोघी खुदकन हसल्या. गाव देखाव्याचं असेल, पण लोणी खरं होतं आणि आईचं हसूही.

परतताना तिने गाडीत विचारलं, "तुमच्याकडे सायीचं दूध कुठे मिळतं?"