विसावं नाव

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक पोरं गोळा करायला निघतात. एके काळी अंबाजोगाईला आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं वळकट्या घेऊन शिकायला यायची, असं आमचे विभागप्रमुख दरवर्षी सांगतात. यायची असतील. आता आम्हीच फॉर्मांची पिशवी घेऊन दारोदार जातो. त्यात मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे नेमणूक वर्षापुरती, दर जूनला नव्याने मागायची. पीएचडी झाली, केस पिकले, पण हे मागणं काही सुटलं नाही बाई!

यंदा सरांनी तोंडावरच सांगितलं, "बी.ए.ला इतिहास घेणारी वीस पोरं झाली नाहीत तर विषय बंद. मग मॅडम, तुमचे तासही बंद." पंधरा दिवस तंगडतोड केली. एकोणीस झाली.

विसाव्या नावासाठी स्कूटीवर परळी गाठली. तिथं माझा जुना विद्यार्थी राखेच्या विटांच्या कारखान्यात मुकादम आहे. एम.ए.ला कॉलेजात पहिला आलेला. त्याची धाकटी बहीण यंदा बारावी झाली होती. म्हटलं, हा काही मला नाही म्हणायचा नाही.

मला बघून तो पळतच आला. भुवयांपर्यंत राख. हात पँटला पुसून पाया पडला. "मॅडम, एवढ्या उन्हात कशाला आलात? फोन करायचा ना!" चहा मागवला. मी फॉर्म काढून त्याच्या हातात दिला.

"न्हाई मॅडम. तिला नर्सिंगला घालायचं हाय."

मी चिडले. खरं सांगते, लई चिडले. "अरे, तू म्हणतोस हे? माझा एक तास कधी चुकवला नाहीस! का तेव्हा आवडतंय असं दाखवत होतास?" वर हेही बोलून गेले की, या एका सहीवर माझी नोकरी आहे. बोलले आणि माझी मलाच लाज वाटली.

तो म्हणाला, "लई आवडायचं मॅडम. अजूनबी जेवायच्या सुट्टीत तुमच्या तासाच्या वह्या वाचतो. हितली माणसं हसतात मला." मग फॉर्म नीट घडी करून त्यानं माझ्या हातात दिला. "तिलाबी आवडंल. त्याचंच भ्या वाटतंय."

मी चहा संपवला. गेटाबाहेर येऊन सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, एकोणीसच झाली. आता मी कुणाच्या दारात जाणार नाही."