दिवाळीत आम्हाला शोधत येणाऱ्या निर्मलाताई

वडीगोद्रीजवळच्या आमच्या वस्तीवरची निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलूपबंद व्हायची. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि आम्ही मुलं नातेवाइकांकडे मागं राहायचो. दहा वर्षांची असताना मी चुलतीकडे होते. तेव्हा शहागडच्या शाळेतल्या शिक्षिका, आदरणीय निर्मलाताई साळवे, मापाची टेप घेऊन वस्तीवर आल्या. हीच आमची पहिली ओळख.

ताईंनी जुन्या कपड्यांचं गाठोडं कधी कुणाच्या दारात टाकलं नाही. त्या प्रत्येक मुलाचं माप घेत, स्वतः मशीनवर बसून शिवत आणि दिवाळीत नाव घेऊन हातात देत. माझा फ्रॉक पिवळा होता. मी तो परत केला.

“मला न्हाई पाहिजे. माझी माय आणून द्या.”

ताई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलतीला विचारून त्यांनी मला तोच फ्रॉक घातला, वेणी घातली आणि एसटीनं आई गेलेल्या साखर कारखान्यावर नेलं. जिथं आमच्या लोकांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या असायच्या, तिथं चुलींचे दगड आणि उसाचं पाचट तेवढं उरलं होतं.

शेजारच्या कोपीतली बाई म्हणाली, “ती टोळी परवाच हालली, बाई. कुठं गेली, ठावं न्हाई.”

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, “माझं चुकलं गं. आधी चौकशी करायला पाहिजे होती.” मोठ्या माणसानं लहान मुलाची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती.

आठ दिवसांनी ताईंनी त्या टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर मिळवला. मला घरी बोलावलं, फोन लावून दिला आणि स्वतः अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. आई एवढंच म्हणाली, “जेवलीस का?” पुढं दोघींनाही बोलवेना, पण फोन मात्र कुणीच ठेवला नाही. त्या वर्षापासून ताईंच्या पिशवीत कपड्यांसोबत मुकादमांच्या नंबरांची वही असते.

मी आज धावड्याला शिक्षिका आहे. एकदा दिवाळीत ताईंसोबत कपडे वाटताना त्यांना विचारलं, “तुमची दिवाळी कशी असते?”

“मी बौद्ध. माझ्या घरी दिवाळी नसते. पण सारं गाव फटाके उडवून राह्यलं अन् एखादं लेकरू एकटं बसलंय, हे माहीत असताना मला घरात बसवत न्हाई.”

त्या संध्याकाळी वाटप संपल्यावर मी त्यांना घरी सोडलं. ताई एकट्याच राहतात. कुलूप काढता काढता म्हणाल्या, “जा, तुझी लेकरं वाट बघत असतील.” मी गेले. आत जाऊन घोटभर चहासुद्धा घेतला नाही, याची खंत आजही आहे.

ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे बळकट राहोत, नजर सुईत दोरा ओवण्याइतकी तेज राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो. येत्या दिवाळीत मी मुलांना घेऊन, न विचारता, त्यांच्याकडे मुक्कामाला जाणार आहे. त्यांच्या हातचे कपडे अंगावर घातलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे, तुम्हीही या. फक्त सगळे एकाच दिवशी येऊ नका.