एकोणतीस नंबरची फाइल

“माणसं सडतात असं वाटलं हो तिला!”

कपाटापलीकडे ग्रंथपाल मॅडम कुणाला तरी सांगत होत्या आणि हसत होत्या. अलीकडे मी रिकाम्या फायलींचा गठ्ठा घेऊन उभी होते. ‘तिला’ म्हणजे मला.

गोष्ट खरी होती. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही दोघी मुली तेव्हा एका भौतिकशास्त्रज्ञाचे कागद लावत होतो. सरांनी काही वर्षं शिकवलं, मग नोकरी सोडली आणि कारखान्यांना सल्ला द्यायला लागले. भट्टीतली उष्णता कुठे वाया जाते, यंत्र का थरथरतं, पिंपळगावच्या शीतगृहात एकाच कोपऱ्यातली द्राक्षं का खराब होतात, असले प्रश्न. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने सगळे कागद ग्रंथालयाला दिले. त्यातल्या एका वहीत मी वाचलं, ‘चाळीत हवा खेळत नाही. खालचे आधी सडतात.’ एवढा मोठा माणूस गरिबांच्या खोल्यांचा विचार करत होता, या कल्पनेने मी हलले. ती वही मी ‘गृहनिर्माण’ या विषयाखाली टाकली आणि मॅडमना जाऊन सांगितलंही. मी आपणहून कुणाला काही सांगायला जात नाही. ते एक सांगितलं.

माझ्याबरोबरची मुलगी नांदगावकडची. तिने वही हातात घेतली, दोन ओळी वाचल्या आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. “अगं कॉन्व्हेंटबाई, कांद्याची चाळ हाय ही! आमच्या खळ्यात हाय ना तशी. कांदे सडतात खालचे, माणसं नाय!”

त्या दिवसापासून काही अडलं की मॅडम तिला बोलवायच्या. कपाटापलीकडे मॅडमशी बोलत बसलेल्या बाई म्हणजे सरांची मुलगी, त्याही आल्या की तिलाच विचारायच्या, “काय गं, आज बाबांनी काय सांगितलं?” ही खुशाल उत्तर द्यायची, “आज सरांचं डोकं दुखत होतं, अक्षर बघा ना.” बाईंचे डोळे भरून यायचे. मी तिथेच लॅपटॉपवर बसलेली असायचे. सरांचे इंग्रजी अहवाल मी एकटीने वाचून त्यांचे सारांश लिहिले होते. ते छापून फायलीत लावले गेले. त्यावर कुणी काही बोललं नाही.

मला तिचा हेवा वाटायचा. हा शब्द आता सहज लिहिते आहे, तेव्हा मनातसुद्धा उच्चारला नव्हता. ती शिपाईकाकांना “काका, चहात साखर कमी पडली हां” म्हणायची आणि ते हसून पुन्हा घेऊन यायचे. तिच्या डब्यात ठेचा असायचा आणि तो उघडला की दोन टेबलं पलीकडची माणसं उठून यायची. माझ्या डब्यातलं सँडविच मी खाली बघत संपवायचे. तिचं काहीच माझ्याहून भारी नव्हतं. कपडे नाही, शिक्षण नाही. फक्त ती जिथे बसायची तिथे तिची जागा असायची.

आणि जागा एकच होती. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की यादी पूर्ण झाली की दोघींपैकी एकीलाच पुढे वर्षभर ठेवता येईल. मला ते काम हवं होतं. त्या खोलीत फार बोलावं लागत नसे, आणि मला आवडेल असं दुसरं काम मला माहीत नव्हतं.

आमची पद्धत ठरलेली होती. ती जमिनीवर खोक्यांमध्ये बसायची, फाइल उचलून सरांनी पेन्सिलीने घातलेला नंबर आणि विषय मोठ्याने वाचायची. मी टाइप करायचे. खोकी हलवताना फायली उलटसुलट झाल्या होत्या, त्यामुळे नंबर कसेही यायचे. “त्रेचाळीस, साबण कारखाना. सोळा, ओझरचा पत्रव्यवहार. एकोणसाठ, शीतगृह, थंडी कुठून निसटते.” ती भराभर वाचायची. मी कधी थांबवलं नाही. मधूनच एखादी वही उघडून ती म्हणायची, “हे बघ, एवढा मोठा माणूस आणि दर दोन पानांवर काय लिहितो? ‘मिस्त्री बोलला ते कळले नाही. पुन्हा विचारले.’ परत खाली, ‘कळले नाही. पुन्हा विचारले.’ याला लोक पैसे कसे देत असतील गं?”

मीही हसले होते.

यादी झाली. एक प्रत बाईंकडे गेली. दोन दिवसांनी त्या आल्या, यादी हातातच होती. “बाबांनी कॉलेज सोडलं तेव्हाची पत्रं यात दिसत नाहीत. एकोणतीस नंबर. फायलींवर नंबर घालायला मीच बसले होते त्यांच्याजवळ, मला पक्कं आठवतं.”

मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. अठ्ठावीसनंतर एकदम तीस. मग त्या शेवटच्या पानावर गेल्या. “आणि हे काय? नव्याण्णव दोनदा?” त्यांचा चेहरा उतरला. कागद ज्यांनी विश्वासाने दिले त्यांच्यासमोर हे. त्या जमिनीवर बसलेल्या तिच्याकडे वळल्या. “वाचताना लक्ष कुठे असतं तुझं? सारखी बडबड चालू असते. पत्रं थर्टी-नाइनला लागलीत बघ.”

ती उठून उभी राहिली. “मी बरोबरच वाचलं मॅडम. एकोणतीसच म्हटलं होतं.”

“मग हिने काय मनाने लिहिलं?”

मॅडमनी ‘हिने’ म्हणताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी त्यांना माझी खात्री होती. मला बरं वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत माझी बाजू कुणीतरी घेतली होती, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. वाटलं, आता मला ठेवतील. हे सगळं क्षणभरात वाटून गेलं.

पण थर्टी-नाइन ऐकताच मला कळलं होतं. आमच्या घरी आकडे इंग्रजीत. फोन नंबर, रिक्षाचं भाडं, पाढे, सगळंच. शाळेत मराठी होतं ते धडे आणि निबंधांपुरतं. एकोणीस मला येत होतं. त्यापुढे ‘एकोणतीस’ ऐकलं की कानात तीस राहायचं आणि मागे कुठेतरी नऊ. थर्टी-नाइन. एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी-नाइन. असं मी एकोणनव्वदपर्यंत शिस्तीत, एकही न चुकता चुकले होते. पहिल्या दिवशीच शंका आली होती. तेव्हा नुसतं ‘म्हणजे किती?’ विचारायचं होतं. पण चाळीवरून जी हसली, ती यावर काय हसली असती! संध्याकाळभर सगळ्यांना सांगत सुटली असती. म्हणून मी दर वेळी ठामपणे बटण दाबत गेले.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. मी वाट पाहिली की तिने बोलावं, मला उघडं पाडावं, म्हणजे मला तिचा राग तरी करता येईल. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “जाऊ द्या मॅडम. माझंच काही तरी झालं असेल.”

हेही तिलाच जमलं. मला त्याचासुद्धा हेवा वाटला.

तिच्या पायाशी तसलीच एक वही उघडी पडली होती. सरांचं पेन्सिलीतलं अक्षर वरून वाचता येत नव्हतं, पण दर दोन पानांवर काय आहे ते आता मला पाठ होतं. सरांना कुणी हसलं असेल का? ओझरच्या एखाद्या कारखान्यात, मिस्त्र्यांच्या घोळक्यात?

बाई यादीची घडी घालून पिशवीत ठेवू लागल्या. मॅडम नव्या यादीबद्दल बोलत होत्या, कोण करणार वगैरे. मी लॅपटॉप मिटला आणि उभी राहिले. माझा आवाज त्या खोलीत इतका मोठा मी आधी ऐकला नव्हता.

“मॅडम, तिने बरोबर वाचलं होतं. मला एकोण कळत नाही.”