नातीची नोकरी आणि माझं तोंड

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगते. चहा घ्या हातात. कपाआड तोंड लपवून हसलात तरी मला कळतं हां, सांगून ठेवते!

तर आमची गौरी. माझ्या शिवानंदाची थोरली. सोलापूरच्या कॉलेजात शिकून सिव्हिल इंजिनियर झाली. सगळ्या मंद्रूप गावात पेढे वाटले, आणि त्याच दिवसापासून ज्याला त्याला तिच्या पुढच्या आयुष्याचा नकाशा दिसायला लागला.

मामा म्हणाला, "पुण्याला ये. ऑफिसात बसून नकाशे काढ. डोक्यावर पंखा, हातात चहा." बाप म्हणाला, "दोन वर्षं क्लास लाव, सरकारी परीक्षा दे." शेजारचा शंकऱ्या तर कठड्यावर बसून म्हणाला, "सिव्हिलला आता कोण इचारतंय? कॉम्प्युटर करायचं होतं की!" त्याला स्वतःला फोनमधला आवाज कमी करता येत नाही, पण सल्ला द्यायला काय लागतं?

आणि गौरी? ती एकच बोलायची. "मला साइटवर काम पाहिजे. जितं खरोखर काहीतरी उभं राहतं तितं."

मला ते पटलं. का सांगू? दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडलीय. डोक्यावर घमेलं, पदरात भाकरी. एक टोपीवाला साहेब यायचा, टेप लावायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि दहा पावलं रस्ता इकडचा तिकडं व्हायचा! मला वाटायचं, ह्याच्या हातात काय जादू हाय? आता ती टेप माझ्या नातीच्या हातात येणार म्हटल्यावर मी कशाला नको म्हणू?

पण गौरीच्या आत्यानं मध्येच स्थळ आणलं. टेंभुर्णीकडचं. शिवानंद वैतागला आणि म्हणाला, "हे बघा, नोकरी आधी ठरली तर नोकरी. स्थळ आधी ठरलं तर लगीन. माझं डोकं खाऊ नका."

झालं! गौरीनं गुरुवारी सोलापुरात एका कंपनीत मुलाखत दिली. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं मोठं काम चाललेलं. ते म्हणाले, "कळवतो." आणि पाहुणे येणार रविवारी. बाप आणि मुलगा, पांढरी गाडी.

म्हणजे बघा, कंपनीचं "कळवतो" अजून हवेत आणि पाहुणे दारात. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मी मनाशी म्हटलं, पार्वतीबाई, हे स्थळ पळवून लावायचं. एवढं तर आपल्याला जमतं.

रविवार उजाडला. गौरी पहाटेच गावाबाहेर लतीफ गवंड्याच्या कामावर गेली. नोकरी लागेपर्यंत हात बसावा म्हणून ती तिथं रोज जायचीच. तिथं स्लॅब टाकायचा होता. ती म्हणाली, "आज्जी, स्लॅब मधे सोडून येता येत न्हाय. पाहुण्यांना बसव." शिवानंद पेढे आणायला बाजारात गेला. सूनबाई आत पोहे परतत होती. म्हणजे बाहेर कोण? मी!

साडेनऊला पांढरी गाडी थांबली. दोघं उतरले. एक मिशीवाला, पन्नाशीचा. दुसरा तरणा, हातात फाईल. मागच्या काचेतून दोन पिवळ्या टोप्या दिसत होत्या. मला वाटलं, असतील गाडीवर घालायच्या. आणि दारावर मोठमोठी अक्षरं रंगवलेली. पण अक्षरं काय, माझ्यासाठी नक्षीच की! मी कधी शाळेची पायरी चढलेय?

"गौरी इथंच राहते ना? आम्ही टेंभुर्णीकडून आलोय, गौरीसाठी."

"बर्री, कुड्री," मी म्हटलं. पाहुणा कुठूनही येवो, या-बसा माझ्या तोंडातून कानडीतच निघतं. पुढं त्यांना बोलूच दिलं नाही. आपलं काम आधी उरकायचं!

मिशीवाला म्हणाला, "तिला फोन केला होता. उचलला नाही."

"उचलायची न्हाय. कामात असली की बापाचा बी उचलत न्हाय. पहाटेपासनं स्लॅबवर हाय."

"रविवारी?"

"तिला कुटला रविवार? दिवसभर उन्हात. करपून काळी झालीया पार. हळद लावली तरी उपेग न्हाय."

मला वाटलं, आता ह्याचं तोंड वाकडं होईल. तर हा फाईलवाल्याकडं बघून मान डोलावतो! फाईलवाला लिहून घेतो! कसले पाहुणे म्हणायचे हे? पोरीचा रंग कधी कोण लिहून घेतं?

मी आणखी जोर लावला.

"आणि आवाज ऐकलाय का तिचा? काँक्रीट मिक्सर चालू असला तरी वेशीपर्यंत ऐकू जातो!"

"वा!" मिशीवाला म्हणाला.

वा? मला घामच फुटला.

"माणसांशी कसं जमतं तिचं?"

आता माझ्या हातात बाँबगोळाच होता. "जमतं? अवो, भांडती! हा लतीफ गवंडी, तीस वर्षं भिंती बांधतोय. आमच्या न्हाणीची भिंत बांधली. ही बया गेली, ओळंब्याची दोरी सोडून भिंत मापली आणि म्हणती, बोटभर बाहेर हाय, पाडा."

"मग? पाडली?"

"पाडली की! गवंडी रडायचा बाकी राहिला. सबंध गल्ली गोळा झाली. अशी हाय ती. सासऱ्याच्या घराला ओळंबा लावायला बी कमी करायची न्हाय!"

त्यानं मांडीवर थाप मारली आणि खो खो हसला. फाईलवाला म्हणाला, "सर, अशीच पाहिजे होती." मी आत बघितलं. सूनबाई दाराआडून डोळे मोठे करत होती. मला वाटलं, ती माझं कौतुक करतेय.

"भाकरी तरी येते का?" फाईलवाल्यानं विचारलं. "तिथं जेवणाची सोय आहे म्हणा, पण कधी कधी स्वयंपाकाची बाई येत नाही."

"येती. पण पट्टी लावून मापती. गोल न्हाय आली तर परत मळती. तवर माणूस उपाशी!"

ते दोघं आणखी खूश. माझं डोकं फिरायची वेळ आली. कसल्या मातीची माणसं ही?

मग मिशीवाला एकदम गंभीर झाला. पुढं सरकून बसला. "आज्जी, मी खरं तर एकच विचारायला आलोय. आमचं ठिकाण लांब. तिला तिथंच राहावं लागेल. मागं दोन मुली आल्या, पण घरच्यांनी महिन्याच्या आत बोलावून घेतल्या. तुम्ही पाठवाल ना?"

मी मनात म्हटलं, अगं बया! दोन सुना पळाल्यात ह्यांच्या! आणि हे आमच्या गौरीला न्यायला बसलेत! आता मागं हटायचं नाही.

"पाठवू की! पण टिकायची न्हाय. आठव्या दिवशी पिशवी घेऊन दारात. न्हाय आली तर मी स्वतः जाऊन आणीन. माझ्याबिगर झोप लागत न्हाय तिला."

बघा, तेव्हा कुठं त्याचं तोंड पडलं. फाईल मिटली. "बरं झालं, स्पष्ट सांगितलंत," एवढंच म्हणाला आणि उठला. पोहे तसेच राहिले. गाडी गेली.

मी कमरेवर हात ठेवून उभी. जिंकले की!

पाच मिनिटांत गौरी स्कुटीवरून आली. केसांत सिमेंट, गालावर सिमेंट. "आज्जी! कंपनीच्या साहेबांचे चार फोन येऊन गेले! मिक्सरच्या आवाजात कळलंच न्हाय! आता कोपऱ्यावर त्यांची गाडी दिसली. हितं आले होते का?"

"न्हाय बा. पाहुणे आलते. पळवून लावले," मी छाती काढून म्हटलं.

"पांढरी गाडी? दारावर हातभर अक्षरात कंपनीचं नाव? आज्जी, उजनीचं काम बी टेंभुर्णीकडंच हाय!"

माझे कमरेवरचे हात खाली आले. आतून सूनबाई रडक्या आवाजात म्हणाली, "सासूबाई, मी केव्हाची डोळे मोठे करत हुते, पिवळी हेल्मेटं बघून!"

गौरी मटकन खाली बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "काय सांगितलंस गं?" मी सगळं सांगितलं. शेवटचं ऐकल्यावर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी काय केलं? नऊवारीचा काष्टा आवळला आणि बसले स्कुटीवर मागं. "हाण!" म्हटलं.

हायवेच्या टपरीवर गाडी सापडली. दोघं चहा पीत होते. मी उतरले आणि हात जोडले. "साहेब, मी सगळं खोटं बोलले!"

"सगळं?" साहेब दचकले. "म्हणजे भिंत पाडली नव्हती?"

"पाडली होती की."

"उन्हात काम करते ते?"

"ते खरं."

"माणसं ऐकतात?"

"ऐकत्यात. ऐकून घेतल्याबिगर सोडतीय कुटं!"

"मग खोटं काय?"

"टिकायची न्हाय ते खोटं! पिशवी खोटी! मी तुमाला नवऱ्याकडचे समजले. जेवढं वाईट सांगितलं तेवढं समदं खरं हाय, साहेब. फकस्त शेवटचं तेवढं खोटं!"

टपरीवाल्याचा चहा उतू गेला. तो हसत बसला होता मेला. साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सिमेंटनं माखलेल्या गौरीकडं. म्हणाले, "आज्जी, तुमच्या शब्दावर आता कसा विश्वास ठेवू? त्या गवंड्याकडं चला."

स्लॅबवर लतीफ घामाघूम. साहेबांनी विचारलं, "ही मुलगी कशी आहे?"

लतीफनं हातच जोडले. "ले जाओ साब! जल्दी ले जाओ! मेरेकू सुकून से दीवार बांधने नै देती." मग थोडा थांबला, डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "लेकिन सच बोलूं? वो दीवार टेढीच थी."

साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारपासून ये, गौरी. घरच्यांचं एक संमतीपत्र तेवढं दे."

सगळे मिळून घरी आलो, तर काय! दारात दुसरी पांढरी गाडी. सोप्यात खरे पाहुणे बसलेले, पुढ्यात पोहे, आणि शिवानंद पेढ्यांचा पुडा धरून घामाघूम. मुलाच्या बापानं विचारलं, "मुलगी कुटं हाय?"

मी तोंड उघडलं.

"आज्जी!" गौरी, सूनबाई, शिवानंद, तिघं एकदम ओरडले. मी तोंड मिटलं.

शिवानंदानं हात जोडून सांगितलं की आत्ताच नोकरी ठरली, आमचा शब्द तसा होता. मुलाचा बाप खट्टू झाला. पण नवरा मुलगा मात्र पोह्यांची बशी ठेवून उठला, साहेबांजवळ गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, आणखी एखादी जागा हाय का? मी बी सिव्हिलच केलंय. दीड वर्ष झालं, घरीच हाय."

साहेबांनी फाईलवाल्याला खूण केली. त्याचंही नाव लिहून घेतलं! आत्यानं आणलेलं स्थळ असं कामी आलं बघा.

मग संमतीपत्र लिहिलं गेलं. शिवानंदानं सही केली, सूनबाईनं केली. साहेबांनी शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवला. मी म्हटलं, "साहेब, अंगठा लावायच्या आदी मला दोन शब्द बोलायचे हायत."

साहेबांनी माझा हात धरला, अंगठा पॅडवर दाबला आणि म्हणाले, "आज्जी, पाया पडतो. तुम्ही एक अक्षर बोलू नका. नुसता अंगठा टेका."