कूलरचं तोंड
परवा घरच्या कूलरला नवा वाळा लावला, पाणी सोडलं आणि त्या ओल्या वासासरशी मला बिरसी गावाच्या रस्त्यावरचं ते लग्नाचं लॉन आठवलं. एका उन्हाळ्यात तिथे दर शनिवारी संध्याकाळी लाइव्ह गाणी आणि नाचाची पार्टी असायची. माझ्याच गावचा एक मित्र गायचा, मी ढोलक वाजवायचो. स्टेजवर एकच मोठा कूलर होता आणि त्याचं तोंड कायम मित्राकडे, कारण दमट हवेनं माझ्या ढोलकच्या पुडीचं कातडं सैल पडून सूर उतरायचा. म्हणजे हवा त्याला, घाम मला, वाळ्याचा वास तेवढा दोघांना. टाळ्या आणि पोरींचे मोबाइलसुद्धा त्याच्याकडेच वळलेले. एका शनिवारी मला ते बघवेना. चारचौघांत त्याचा दम तुटावा, तो बेताल व्हावा, म्हणून मी गाणं चालू असतानाच लय वाढवत नेली. त्यानं एकदा चमकून मागे पाहिलं आणि लय पकडली. मग अख्खं लॉन नाचायला लागलं, खुर्च्यांवरचे म्हातारेही उठले. गाणं संपलं तेव्हा ओरडा झाला तो त्याच्याच नावाचा. त्यानं घामानं चिंब होऊन मला मिठी मारली आणि म्हणाला, "का वाजवून राहिला होता गा आज! दर शनिवारी असाच वाजवजो." त्यानंतर कितीतरी उन्हाळे वाजवलं, पण त्याला पाडायला जसं वाजवलं, तसं पुन्हा एकदाही हाताला आलं नाही. तो मात्र अजून तसाच गातो. परवा बटण दाबण्याआधी मी कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं.